पाहुण्याशी अरे-तुरे

कोरियन मी शिकले ती परभणीला, हॉस्टेलात, मोबाइलच्या पडद्यावर. शेतकीच्या पदवीची ती वर्षं. दिवसभर माती, खतं, कीड आणि रोग. आणि जेवण झालं की खोलीतली मैत्रीण आणि मी एका पलंगावर मोबाइल उशीला टेकवून कोरियन मालिका बघायचो. खाली इंग्रजीत अक्षरं यायची. आधी ती वाचल्याशिवाय काही कळायचं नाही, मग अर्धंमुर्धं कळायला लागलं. मैत्रिणीचं तेवढ्यावर भागलं. मी मात्र पुढं गेले. लिपी शिकले, मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, आरशासमोर बोलायला लागले. सुट्टीत घरी तीर्थपुरीला आले की ऐकायला दुसरं कुणी नसायचं म्हणून म्हशीशी कोरियनमधून बोलायचे. आई म्हणायची, "बोल, पण जरा हळू बोल. ती बिचारी दूध चोरून राह्यली."

मालिका बघायची माझी एक पद्धत होती. प्रेमात पडलेल्यांचे प्रसंग मी पुरते बघायचे. मैत्रिणींची भांडणं आणि गुंडांच्या धमक्याही पुरत्या. पण ऑफिसातली मीटिंग लागली, किंवा घरातले वडीलधारे आणि सासू-सासरे बोलायला लागले, की मी बोटानं पुढं ढकलायचे. ते आपल्याकडं रोज बघायला मिळतं, त्यासाठी डेटा कशाला घालवायचा. त्यामुळं झालं असं, की प्रेमिकांची, शाळकरी मैत्रिणींची आणि गुंडांची कोरियन मला चांगली यायला लागली. वाक्याच्या शेवटी कधी 'यो' लागतो आणि कधी लागत नाही, हे दिसत होतं. मला वाटायचं, आपण 'बरं का' म्हणतो तसं काहीतरी असेल. लावलं तर लावलं, नाही तर नाही.

पदवी झाली आणि जालन्यात एका बियाणं कंपनीत लागले. कंपनी लहानच होती. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. वयानं माझ्या वडलांएवढे, बोलायला गोड, मला 'बेटा' म्हणायचे आणि अर्थात 'तू' म्हणायचे. माझं काम मिरचीचं. प्लॉटवर जायचं, झाडांची उंची आणि फळांची लांबी घ्यायची, कुठल्या ओळीत रोग आला ते टिपायचं. कंपनीच्या गाडीत माझी जागा ठरलेली होती, सगळ्यात मागं, नमुन्यांच्या पिशव्यांच्या शेजारी.

मग शेठनी एका कोरियन कंपनीशी बोलणं सुरू केलं. त्यांच्या मिरचीचे काही वाण आपल्या काळ्या जमिनीत कसे येतात ते बघायचं आणि जमलं तर करार करायचा. वाटूर फाट्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही ते वाण लावले. फळं लाल व्हायला लागली तेव्हा तिकडून एक डॉक्टर बघायला येणार असं ठरलं. डॉक्टर म्हणजे दवाखान्यातले नव्हेत, आयुष्य मिरचीच्या संशोधनात घालवलेले. त्यांच्यासाठी पुण्याहून दुभाषा येणार होता. त्यानं ऐन वेळी दुसरं काम धरलं.

शेठ घाबरून गेले. तेव्हा कुणीतरी त्यांना सांगितलं की मिरचीवाली मुलगी कोरियन बोलते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "बेटा, खरंच येतं तुला, का नुसती गाणीबिणी?"

मी म्हणाले, बिलकुल येतं.

डॉक्टर संभाजीनगरहून गाडीनं आले. बुटके, सडपातळ, डोक्यावर पांढरी टोपी, पाठीला सॅक. साठीच्या पुढचे असावेत. शेठ हार घेऊन उभे होते आणि मी त्यांच्या पुढं, कारण बोलायचं मला होतं. मी हसून म्हणाले, "आन्न्यंग. नॉ, पाप मॉगॉस्सॉ?" आन्न्यंग हा नमस्कार, पाप म्हणजे त्यांच्याकडं भात, आणि भात खाल्लास का हे त्यांचं ख्यालीखुशाली विचारणं. मालिकांत सगळे एकमेकांना उठता-बसता हेच विचारतात. मला हे वाक्य सहज आल्याचा फार आनंद झाला.

डॉक्टरांनी टोपी काढली. माझ्याकडं बघितलं, मागं उभ्या शेठकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग कमरेत पुरते वाकून, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, की जेवण झालेलं आहे, विचारपूस केल्याबद्दल ते आभारी आहेत. वाक्याच्या शेवटी 'निदा' आलं. मालिकांत असं फक्त बातम्या देणारे आणि सैनिक बोलतात. मला वाटलं, लाजाळू माणूस दिसतो.

शेठना शब्द कळले नव्हते, पण वाकणं कळलं. त्यांच्यासमोर डॉक्टर नुसती मान लववून थांबले होते. माझ्यासमोर कमरेत. दुपारपर्यंत ही गोष्ट कंपनीभर झाली. चहाच्या वेळेला शेठ मला म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तर ते लई इज्जत देऊन राह्यले. बराबर सांभाळून घ्या." सकाळी मी बेटा होते. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा ड्रायव्हरनं मधलं दार माझ्यासाठी उघडून धरलं. पिशव्यांशेजारी आमचा सिनियर माणूस जाऊन बसला, आणि मला त्याचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाटूरच्या रानात. ते रान ज्यांचं होतं त्या घरातली बाई, तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, प्लॉटची सगळी देखभाल करायची. मावशींचं सगळ्या जगाशी अरे-तुरे. त्यांच्या तोंडात 'तुम्ही' फक्त नवऱ्यापुरतं होतं, आणि तेसुद्धा चारचौघांत. पहिल्याच दिवशी त्यांनी बांधावर भाकरी सोडली, ठेचा काढला आणि डॉक्टरांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "बस रे बाबा. खाय. लाजू नको." डॉक्टर बसले. त्यांनी ठेचा असा खाल्ला की मावशी बघतच राहिल्या. लाल मिरची वाटून खाणारी माणसं ती, त्यांना ठेच्याचं काय नवल. मावशींनी आणखी भाकरी वाढली आणि मला सांगितलं, "याला इचार, घरी कोण कोण हाये." मी विचारलं. माझ्या पद्धतीनं. डॉक्टरांनी 'निदा' लावून उत्तर दिलं, की पत्नी आहे, दोन मुली आहेत, मोठी माझ्याहून मोठी असावी.

त्याच दिवशी त्यांनी बांधावरच्या गावरान झाडाची एक मिरची तोडली आणि कुणी काही म्हणायच्या आत अख्खी तोंडात टाकली. मी ओरडले, "या, मिछॉस्सॉ?" याचा अर्थ, ए, वेड लागलंय का. मालिकेतली नायिका नायकाला हे असं लाडात म्हणते. डॉक्टरांचे डोळे पाण्यानं भरले होते. घास गिळून झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, की वेड लागलेलं नाही, तिखटपणा तपासत आहेत. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे पण विनोदी आहे. मी त्यांच्या खांद्यावर चापट मारली.

मावशींच्या संगतीत डॉक्टर मराठी उचलायला लागले. बस, खाय, चल, आण, ये. शब्द लहान, उपयोगाचे, आणि ते म्हटले की समोरचं माणूस हसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग एके दुपारी शेठनी त्यांना घरी जेवायला नेलं. शेठ वाढायला उभे राहिले, तसं डॉक्टरांनी शेजारच्या पाटावर हात आपटला आणि म्हणाले, "ए, बस. खाय."

शेठच्या घरात शेठना 'ए' म्हणणारं कुणी राहिलेलं नव्हतं. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण शेठच सगळ्यात आधी हसायला लागले, इतके की डोळे पुसायला लागले. सुनेनं डॉक्टरांना पुन्हा म्हणायला लावून व्हिडिओ काढला. तो शेठच्या स्टेटसवर लागला. मोंढ्यातले व्यापारी फोन करून विचारायला लागले, की तो तुम्हाला अरे-तुरे करणारा पाहुणा आहे कोण. शेठ अभिमानानं सांगायचे, "आपला माणूस झाला तो."

करार जवळ आला तसं त्यांच्या कंपनीच्या दिल्लीच्या ऑफिसातून एक कोरियन मुलगी कागदपत्रं घेऊन आली. तिला घेऊन मी सरळ वाटूरला गेले. डॉक्टर रानाच्या त्या टोकाला होते. ऊन चढत होतं, म्हणून मी हात वर करून नेहमीसारखी हाक मारली, "या, प्पल्ली वा." ए, लवकर ये. डॉक्टर लगबगीनं यायला लागले.

मी शेजारी वळून बघितलं. ती मुलगी पांढरीफटक पडली होती. तिनं माझं मनगट धरलं आणि मला पंपाच्या खोलीमागं नेलं. आधी तिनं मला वय विचारलं. आपल्याकडच्या बायका विचारतात तसंच, ओळख व्हायच्या आधी. मी तिच्याहून वर्षानं मोठी निघाले. मग तिनं जे सांगायचं ते अतिशय आदरानं सांगितलं, त्यामुळं ते जास्त लागलं.

ती म्हणाली, की तो शेवटचा 'यो' म्हणजे 'बरं का' नव्हे. तो लावला तर माणूस माणसाशी बोलतंय असं होतं, आणि तो काढला तर जवळच्याशी, लहानाशी, नाही तर भांडणाऱ्याशी. वडीलधाऱ्याच्या जेवणासाठी क्रियापदसुद्धा वेगळं लागतं. आणि 'नॉ', म्हणजे 'तू', हा शब्द मोठ्या माणसाला लावतच नाहीत. त्यांना 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाहीत, हुद्द्यानं बोलवतात. डॉक्टरांना 'पाक्सानिम' म्हणायचं, म्हणजे डॉक्टरसाहेब. त्यांच्या ऑफिसात लोक त्यांच्यासमोर चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात. मग तिनं हळूच विचारलं, "ऑन्नी, तुम्ही त्यांच्याशी रोज असंच बोलत होतात?" ऑन्नी म्हणजे ताई.

मी होय म्हणाले. मिछॉस्सॉचं सांगितलं नाही. खांद्यावरच्या चापटीचंही नाही. पण गेल्या सगळ्या दिवसांत मी जे जे बोलले होते ते एकेक करून माझ्या कानात परत वाजायला लागलं, आणि मला ते आता मराठीतून ऐकू येत होतं. काय रे, जेवलास का. ए, टोपी घाल, ऊन लागेल. तुला काय कळतं, हे झाड बघ.

तिनं मला माफीचं वाक्य शिकवलं. पंपाच्या खोलीमागं उभी राहून मी ते इतक्यांदा म्हटलं की मावशी बघायला आल्या, पोरीला ऊन लागलं की काय.

डॉक्टर लिंबाच्या सावलीत सतरंजीवर बसले होते. मी समोर जाऊन त्यांच्यासारखीच कमरेत वाकले आणि सगळं म्हटलं. पाक्सानिम, माझं चुकलं, मला माहीत नव्हतं, मी हे मालिकांतून शिकले. मग त्यांनी सांगितलं, आणि त्या मुलीनं जिथं मला अडलं तिथं समजावलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं होतं, मी शेठची मुलगी असेन आणि कंपनी खरी माझीच असेल, म्हणून ते खाली वाकले. दुसऱ्या दिवशी वाटलं, त्यांच्या हातून काही चुकलंय आणि मी चिडलेय. म्हणून ते आणखी जपून बोलायला लागले. पुढं त्यांनी मावशींना ऐकलं आणि ठरवलं, की या देशाची रीतच अशी असेल.

मग त्यांनी मला विचारलं, "मावशी बोलतात ते खालचंच बोलणं आहे ना?"

आता आली पंचाईत. मी सांगायला गेले की आपल्याकडं 'तू' म्हणजे खालचं, पण आईला 'तू', वडलांना 'तुम्ही', आजीला 'तू', देवाला 'तू', नवऱ्याला खोलीत 'तू' आणि ओसरीवर 'तुम्ही', भांडण झालं की कुणालाही 'तू'. जांब समर्थला देवळात हात जोडून आपण रामाला 'तू' म्हणतो आणि दारातल्या पुजाऱ्याला 'तुम्ही'. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे मी कधी शिकले नव्हते, पण यात कुणी चुकलं असतं तर मी त्याला लगेच नापास केलं असतं.

डॉक्टरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग त्यांचा चेहरा बदलला. "आणि मी तुमच्या शेठना काय म्हणालो?"

खोटं बोलता आलं असतं. पण माझी नुकतीच फजिती झाली होती आणि तशा वेळी सोबत असली की बरं वाटतं. मी सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले, मिरचीनं झाले नव्हते इतके. त्यांनी लगेच योग्य वाक्य शिकवायला सांगितलं. मी शिकवलं, "शेठजी, आपण बसावं. आपण जेवून घ्यावं." मावशींना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, "हे कुठलं गं बोलणं? तहसीलचं का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डॉक्टर शेठच्या केबिनमधे गेले, हात जोडले आणि म्हणाले, "शेठजी, आपण बसावं." शेठ बसलेलेच होते. त्यांचं हसू तिथंच थांबलं. दुपारी त्यांनी मला बोलावलं. त्यांना वाटत होतं, पाहुण्यांचं मन कशानं तरी दुखावलंय. कालपर्यंत 'ए बस' म्हणणारा माणूस आज बँकेतल्यासारखा का बोलतो. मी खरं ते सांगितलं, की त्यांना अदब मीच शिकवली.

"कुणी सांगितलं होतं?" शेठ म्हणाले. "एवढं बराबर चालू होतं."

त्यात आणखी एक झालं. मी आता 'यो' लावून, पाक्सानिम म्हणून, दोन्ही हातांनी पाणी देत होते, आणि डॉक्टरांनी त्यांच्या बाजूनं 'निदा' सोडून दिलं होतं. आता मी कोण ते त्यांना कळलं होतं, म्हणजे मुलीच्या वयाची, कामावरची पोरगी. ते मला बोटानं बोलवायचे. आंजा, म्हणजे बस. मॉगॉ, म्हणजे खा. एखाद्या झाडापाशी उभं करून, या रोपाचं खोड असं का झालं सांग, असं परीक्षेसारखं विचारायचे आणि चुकलं की टोपीनं हलकेच डोक्यावर मारायचे. मिरचीबद्दल मला आज जे काही येतं त्यातलं निम्मं त्या थोड्या दिवसांतलं आहे. इतक्या मायेनं मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाकीच्यांना मात्र एवढंच दिसलं, की परवापर्यंत मॅडमसमोर वाकणारा पाहुणा आता मॅडमला नुसता हुकूम सोडतोय. मॅडमचं काहीतरी बिनसलं. करारासाठी शेठनी पुण्याचा दुभाषा जास्तीचा खर्च सोसून आणवला. चहा-नाश्त्याचं माझ्याकडं आलं. गाडीतही मी परत पिशव्यांशेजारी गेले. वाटूरहून परतताना मावशींनी दिलेली मोसंबी डॉक्टर सोलत होते. सोलून झाल्यावर त्यांनी मागं वळून अर्धी माझ्यापुढं धरली. "मॉगॉ." मी दोन्ही हातांनी घेतली.

शेठनी ते आरशातून बघितलं आणि ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "बघ, कसं बोलून राह्यले पोरीला."

करार झाला. दुभाष्याची कोरियन खरोखर सुरेख होती, एकही 'यो' इकडचा तिकडं नाही. डॉक्टर त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. निघायच्या दिवशी त्यांनी वाटूरला थांबायचं म्हटलं. मावशींसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, आपण जेवलात का?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. "याला काय झालं? मी काय परकी हाये का?" मग त्यांनी डॉक्टरांच्या दंडाला धरून त्यांना खाली बसवलं आणि भाकरी वाढली. डॉक्टर बसले. गाडीचा हॉर्न वाजत राहिला तरी त्यांनी घाई केली नाही.

नंतर शेठ हळूहळू मला परत बेटा म्हणायला लागले, आणि तू. मी त्याचं वाईट वाटून घ्यायचं की बरं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

दिल्लीची मुलगी मला अधूनमधून मेसेज करते. बियाण्याच्या कामानं सुरू झालेलं बोलणं आता कुठल्याही गोष्टीवर येतं. मधे तिनं लिहिलं, ऑन्नी, तुम्ही मोठ्या आहात, माझ्याशी 'यो' कशाला लावता, सोडून द्या. म्हणजे इतक्या खटपटीनंतर कोरियनमधे कुणालातरी अरे-तुरे करायची मला रीतसर परवानगी मिळाली होती. मी टाइप करायला बसले. पाप मॉगॉस्सॉ, एवढंच लिहायचं होतं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि शेवटी 'यो' लावूनच पाठवलं.

तिचं उत्तर लगेच आलं. माझं काही चुकलं का, ऑन्नी? रागावलात का?